प्रोसेसर १०० डिग्रीला जातोय, हा इंदूरचा उन्हाळा की दुसरं काही?

रामबागची – २० मे, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते, नाहीतर तुम्हालाच परत परत विचारावं लागेल.

डेस्कटॉप २०२२ मध्ये असेंबल करून घेतलेला. इंटेल आय-५ १२४००, बी६६० चा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, प्रोसेसरच्या डब्यात येतो तोच पंखा. आजवर कधी कुरकुर नाही. माझं काम टायपिंगचं आणि पत्रिका, छोटे अंक लावायचं, त्याला काही जोर लागत नाही. पण या वर्षी आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी माझ्याकडे आल्यात, एकूण ३४, सगळ्या १९८७ ते १९९८ मधल्या. नाटकं, गाणी, लहान मुलांचे नाच, हळदीकुंकू, सगळं आहे त्यात. काहींना पांढरी बुरशी धरायला लागलीय म्हणून घाई आहे. दोन कॅसेटींत माझे सासरे पेटीवर बसलेत, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली आणि त्यांचं हलतं चित्र घरात दुसरं कुठलंच नाही.

कॅप्चर (कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवणं) होतं नीट. पण नंतर हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल लहान करायला लावली की पंखा भणाणायला लागतो आणि तापमान सरळ १००. आधी तीन तासांची कॅसेट चहा-स्वयंपाक होईपर्यंत व्हायची, आता दुपार जाते. मार्चमध्ये ९२-९३ दाखवत होता तेव्हाच मी घाबरून एका दुकानात नेला (नाव लिहीत नाही). त्यांनी ब्लोअर मारला, प्रोसेसरवरचा पंखा काढून बघितला, परत लावला आणि म्हणाले प्रोसेसर उतरलाय, नवा सेट घ्या नाहीतर वॉटर कूलिंग बसवा. घरी आणला तर ९२ चे १०० झाले. आता काय करू, खरंच प्रोसेसर गेला का?

लष्करकर – २० मे, रात्री १०:४८

ताई ग्वाल्हेरहून लिहितोय, आमच्याकडे आज ४५ होतं. माझा एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर पण उन्हाळ्यात ८५ पर्यंत जातो आणि जानेवारीत तोच ६२-६३ ला असतो. मला वाटतं नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सरला की आपोआप उतरेल, तोवर रात्री काम करा. प्रोसेसर असा सहज जात नाही एवढं नक्की.

सुदामानगरवाला – २० मे, रात्री ११:०५

मी मागच्या वर्षी साइडचं पॅनल काढून कॅबिनेट सरळ कूलरच्या तोंडाशी ठेवलं होतं, दहा डिग्री उतरले होते. करून बघा, पैसा लागत नाही.

स्क्रूड्रायव्हर – २० मे, रात्री ११:३०

ताई, थांबा, कूलरसमोर ठेवू नका, आधी ते सांगतो मग बाकीचं. (आणि या धाग्यात कूलर म्हटलं की घोटाळा होणार, म्हणून खिडकीतल्याला मी कूलर म्हणेन आणि प्रोसेसरवरच्याला हीटसिंक.)

मी इंदुरातच पीसी जोडायचं काम करतो, वीस-बावीस वर्षं झाली. दर जून-जुलैत माझ्याकडे दोन-तीन मशीन येतात ज्यांच्या बोर्डावर पांढरा थर बसलेला असतो. कूलरची हवा गार असते कारण ती ओली असते, आणि टाकीत बोरिंगचं पाणी असेल तर त्यात क्षार भरपूर. तोंडाशी ठेवलं की बारीक तुषार थेट बोर्डावर जातात, पाणी सुकतं आणि क्षार राहतात, वर पॅडचा भुसा. सुदामानगरवाले दादा, तुमचं मशीन वाचलं ही चांगली गोष्ट आहे पण दुसऱ्याला सांगू नका. कूलरने खोली गार करा, तेवढं ठीक आहे, मशीन त्याच्या झोतात नको.

आता मुद्द्याचं. नुसता १०० आकडा बघून काही कळत नाही. हीटसिंक-पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करूच शकत नाही, तो फक्त खोलीच्या वर किती राहायचं ते ठरवतो. म्हणून नेहमी प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं वजा करायचं. लष्करकरांचे उन्हाळ्यातले ८५ आणि हिवाळ्यातले ६२, त्यात बहुतेक फरक खोलीचाच आहे, मशीन तेच काम तितकंच करतंय. तुमच्या मशीनचं मात्र मार्चमध्येच ९२ होतं, म्हणजे नुसता उन्हाळा नाही.

उद्या एवढं बघून लिहा:

खोलीत साधा थर्मामीटर असेल तर मशीनच्या जवळ ठेवून वाचा. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते टाका, त्यात सेन्सर उघडा, सीपीयू पॅकेजचं (म्हणजे प्रोसेसरचं) तापमान, मग सीपीयू पॅकेज पॉवर वॅटमध्ये येते ती, आणि कोअर क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग. अर्धा तास काही न करता ठेवून एकदा, आणि हँडब्रेक चालू करून एकदा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हँडब्रेकचं बटण दाबल्यावर तापमान कसं चढतं ते घड्याळ लावून बघा. दोन-चार सेकंदांत उडी मारतं का दहा-वीस मिनिटांत हळूहळू चढतं? हे एक कळलं की अर्धं काम झालं.

प्रोसेसर गेलेला नाही, ती भीती काढून टाका. १२४०० ची हद्द १०० डिग्री आहे, तिथे पोचला की तो स्वतःच क्लॉक कमी करून स्वतःला सांभाळतो, म्हणून तर तुमची दुपार जातेय. बिघडलेला प्रोसेसर असा शहाण्यासारखा वागत नाही.

बडोदेकर – २१ मे, सकाळी ७:२०

वरच्या पोस्टला पूर्ण अनुमोदन. एक भर घालतो. १२४०० चं बेस पॉवर ६५ वॅट आणि कमाल टर्बो ११७ वॅट आहे. काही बोर्ड कंपनीकडून येतानाच ही मर्यादा मोकळी सोडलेली असते, मग प्रोसेसर मागेल तेवढं घेतो. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) पीएल१ आणि पीएल२ असे वीज-मर्यादेचे दोन आकडे असतात ते बघून ठेवा, आत्ता काही बदलू नका. आधी हीटसिंकचं होऊ द्या.

सुदामानगरवाला – २१ मे, सकाळी ८:१०

स्क्रूड्रायव्हर भाऊ, हे माहीत नव्हतं हो. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, कूलरमध्ये बोरिंगचंच जातं. आजच उघडून बघतो माझ्या बोर्डावर काय आहे ते.

रामबागची – २१ मे, दुपारी ४:०५

सगळं लिहून ठेवलंय, वहीत बघून टाइप करते.

खोली ३६ (मुलीच्या तापाचा नाही, भिंतीवरचा थर्मामीटर आहे). काही न करता अर्ध्या तासाने प्रोसेसर ५८. हँडब्रेक लावलं आणि मोबाइलवर स्टॉपवॉच, तर तिसऱ्या सेकंदाला ९७, पाचव्याला १००, मग तिथेच चिकटून. पॉवर आधी एक क्षण ७५ दिसली आणि लगेच ४८ वर आली. क्लॉक ४ गिगाहर्ट्झवरून ३ च्या आसपास. थर्मल थ्रॉटलिंगपुढे (तापल्यामुळे वेग कमी करणं) लाल अक्षरात येस. बंद केलं तर परत पाच-सहा सेकंदांत ६५.

साइडचं पॅनल काढून पण बघितलं. ९९-१००. काहीच फरक नाही.

काल रात्री दीड वाजता पण लावून बघितलं होतं, खिडक्या उघड्या, बाहेर छान गार वारा, आपल्या माळव्याच्या रात्री म्हणतात तशी रात्र होती, खोली २९. तरी १००. म्हणजे उन्हाळा नाही हे मला पण पटलं.

स्क्रूड्रायव्हर – २१ मे, दुपारी ४:४०

ताई फार छान केलंत, एवढं व्यवस्थित कोणी लिहून देत नाही.

हीटसिंक प्रोसेसरला नीट टेकलेलाच नाही. कसं कळलं ते सांगतो, इतरांना पण उपयोग होईल. हीटसिंक म्हणजे ॲल्युमिनियमचा बऱ्यापैकी मोठा गोळा, नीट टेकलेला असेल तर तो गोळा तापायला वेळ लागतो आणि तोवर प्रोसेसर पण थांबून थांबून चढतो. तीन सेकंदांत ९७ झालं म्हणजे उष्णता गोळ्यात जातच नाहीये, प्रोसेसरच्या डोक्यावरच अडकलीय. दुसरी खूण म्हणजे पॅनल काढून फरक पडला नाही, कोंडलेली हवा हे कारण असतं तर पाच-सात डिग्री तरी उतरले असते. आणि तिसरी, ४८ वॅटला १००. खोली ३६ धरली तर ४८ वॅटसाठी ६४ डिग्री वर. हा हीटसिंक नीट बसला तर ७५ वॅटला सुद्धा खोलीच्या वर ५० च्या आत राहायला हवा.

दुकानात काढला आणि परत लावला म्हणालात ना, तिथेच झालंय. दोन गोष्टी असणार, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये उष्णता नेणारी पेस्ट असते, ती जुनी सुकलेली तशीच ठेवून वर बसवला आणि चारपैकी एखादी पिन लागली नाही. मुद्दाम करत नाही कोणी, घाईत होतं, माझ्या हातून पण सुरुवातीला झालंय.

हे घरी होण्यासारखं आहे. स्क्रू नाही, काही नाही. करणार का? नाहीतर मी रामबागेत येऊन जातो, शनिवारी मोकळा आहे.

रामबागची – २१ मे, संध्याकाळी ६:१५

मी करते, तुम्ही सांगा फक्त. शिवणाचं मशीन उघडून साफ करते मी, हात थरथरत नाहीत माझे. अडलं तर शनिवारी फोन करीन.

लष्करकर – २१ मे, संध्याकाळी ६:५०

पेस्ट नसेल तर टूथपेस्ट चालते असं व्हिडिओत बघितलंय, तात्पुरती.

स्क्रूड्रायव्हर – २१ मे, रात्री ९:१०

लष्करकर, नको. टूथपेस्टमध्ये पाणी असतं, पहिल्या दिवशी बरी वाटते, मग त्या तापमानात ते पाणी उडून जातं आणि खडूसारखी भुकटी राहते. आठवड्याभरात आधीपेक्षा वाईट.

ताई, सामान: थर्मल पेस्टची छोटी ट्यूब, आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये कुठल्याही कॉम्प्युटरवाल्याकडे मिळेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ते जेल रोडला मोबाइल रिपेअरिंगचं सामान मिळतं तिथे. सुती धुतलेलं फडकं, ज्याचा धागा सुटत नाही असं. बस.

पीसी बंद करा, मागची वायर काढा, मग चालू करायचं बटण एकदा दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज जाईल. कॅबिनेट आडवं झोपवा, बोर्ड वर तोंड करून. हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा. पंख्याची वायर बोर्डावर जिथे लागलीय तिथला फोटो काढून ठेवा आणि काढा.

आता पिना. चार कोपऱ्यांना चार काळ्या पिना आहेत, प्रत्येकीच्या डोक्यावर खाच आणि एक बाण आहे. बाणाच्या दिशेने पाव वळसा फिरवला की पिन सुटते, ती बसवायची दिशा नाही. अर्धे लोक इथेच चुकतात, स्क्रूसारखं वाटतं म्हणून आवळायला बाणाकडे फिरवतात आणि पिन सुटी होते. सोडवताना चारही बाणाकडे फिरवा, वर ओढा, हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे हलवून उचला. तुमच्या बोर्डावर प्रोसेसर लोखंडी पट्टीखाली दाबलेला असतो त्यामुळे तो सोबत उपटून यायची भीती नाही.

दोन्ही बाजूंची जुनी पेस्ट अल्कोहोलने पूर्ण काढा, प्रोसेसरचा पत्रा आरशासारखा दिसायला पाहिजे. नवी पेस्ट मध्ये साबुदाण्याच्या भिजलेल्या दाण्याएवढी, बोटाने पसरवू नका, दाबाने आपोआप पसरते.

बसवायच्या आधी चारही पिना बाणाच्या उलट फिरवून मूळ जागी आणा. हे विसरलं तर सगळी मेहनत वाया. मग चारही पाय बोर्डाच्या भोकांवर सरळ ठेवा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने दाबा, आधी एक तिरकी जोडी, मग दुसरी. प्रत्येकीचा कट असा आवाज आला पाहिजे. बोर्ड थोडा वाकल्यासारखा वाटेल, घाबरू नका, तेवढा वाकतो. शेवटी कॅबिनेटच्या मागचं पॅनल काढून बोर्डाच्या पाठीमागून बघा, प्रत्येक भोकातून पांढऱ्या प्लास्टिकच्या दोन पाकळ्या फाकलेल्या आणि मध्ये काळी पिन दिसली पाहिजे.

आणि पंख्याची वायर परत लावायला विसरू नका.

रामबागची – २३ मे, दुपारी १:३०

झालं!!

कालच सगळं सामान आणलं, पेस्ट ३५० ला मिळाली. आज सकाळी पोहे आटपून देवघरासमोरच्या उजेडात बसले, जमिनीवर जुनी चादर टाकून. तुम्ही म्हणालात अगदी तेच होतं. चारपैकी खालची उजवीकडची पिन बाणाच्या दिशेला फिरलेली, हात लावला तर डगडग हलत होती, आणि हीटसिंकचा तो कोपरा बोट जाईल एवढा नाही पण नखाला कळेल एवढा उचललेला होता. उचलल्यावर खाली बघितलं तर पेस्ट अर्ध्या भागात भिंतीच्या चुन्यासारखी कोरडी, पापुद्रे सुटलेले, आणि एका बाजूला तर लागलेलीच नाही, प्रोसेसरच्या पत्र्यावरची बारीक अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. मी त्याचा फोटो काढून ठेवलाय. तीन वेळा पुसावं लागलं.

पिना लावताना चौथी काही केल्या कट म्हणेना. काढून बघितलं तर पाकळी भोकाच्या कडेला अडकून जराशी दुमडली होती, नखाने सरळ केली, परत बसवली, लागली. मागून चारही पाकळ्या दिसल्या.

आता आकडे. खोली ३७. नुसता ठेवून ४७. हँडब्रेक लावल्यावर पाच सेकंदांत ६८, मिनिटभरात ७६, दहा मिनिटांनी ८४. पॉवर ७६ वॅट, क्लॉक पूर्ण ४. थ्रॉटलिंग नो. मला रडूच आलं थोडं.

पण वीस मिनिटांनी ९० आणि अर्ध्या तासाने ९२. तिथे थांबलं. मार्चमध्ये पण असंच होतं, ते मला आता आठवतंय, हळूहळू चढायचं.

स्क्रूड्रायव्हर – २३ मे, दुपारी २:००

जबरदस्त ताई. नखाला कळेल एवढी फट, तेवढीच पुरते, तिथे हवा भरते आणि हवेतून उष्णता जात नाही.

आता उरलेला आजार वेगळा आहे आणि तोच तुमचा मार्चपासूनचा मूळ आजार. हळूहळू चढतंय म्हणजे हीटसिंक आपलं काम करतोय पण कॅबिनेटमधली हवाच तापत चाललीय. आता पॅनल काढून बघा, आता फरक पडेल. आणि सांगा, कॅबिनेट ठेवलंय कुठे? पुढे जाळी आहे का काच? पंखे किती आणि कुठे?

रामबागची – २३ मे, दुपारी ३:२०

पॅनल काढल्यावर पंधरा मिनिटांत ९२ वरून ८३.

कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या खणात आहे, खणाला मागे प्लाय आहे, वायरींसाठी एक गोल भोक, पुढे दार. दार मी उघडंच ठेवते. पुढे काच आहे, काचेच्या कडेने फट. एकच पंखा मागे. पुढच्या फटीच्या आत एक जाळी चुंबकाने चिकटलेली आहे, ती आज पहिल्यांदा बाहेर काढली. दुकानात ब्लोअर मारला तेव्हा ती काढलीच नसावी.

जाळी गुलाबी आहे. म्हणजे काळी होती, तिच्यावर गुलाबी-केशरी थर. बोटाने ओढलं तर लोकरीच्या तुकड्यासारखा सलग निघाला. रंगपंचमीचा गुलाल!! आमच्याकडे माझ्या भावजया आल्या होत्या, सगळ्यांना गेर (रंगपंचमीची रंग उडवत जाणारी मिरवणूक) बघायची होती, दिवसभर खिडक्या-दारं उघडी. राजवाड्यावरून आलेली पोरं घरात येऊन बसली, कपडे झटकले, आणि कॉम्प्युटरवर गाणी चालू होती दिवसभर. तो खोलीतला सगळा गुलाल याने ओढून घेतला असणार. मार्चमध्येच तापायला लागला तो यामुळेच, मी दिवस मोजून बघितले, आठवड्याभरातच.

सुदामानगरवाला – २३ मे, दुपारी ३:४५

अरे देवा, माझा पण तपासतो. आमच्या घरात तर मशीनने उडवलेला रंग दुसऱ्या मजल्यापर्यंत येतो.

स्क्रूड्रायव्हर – २३ मे, संध्याकाळी ५:३०

बरोबर ताई. गुलालात बहुतेक स्टार्चच असतं, एकदम बारीक, आणि त्याला जरा ओल मिळाली की लापशी होऊन सुकते, साध्या धुळीसारखी झटकून जात नाही. कूलरच्या दिवसांत खोलीत ओल असते म्हणून आणखी घट्ट झाला. आपल्या शहरात रंगपंचमीनंतर जाळी धुणं हे दिवाळीच्या सफाईसारखंच धरून चाला.

जाळी कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवा, पूर्ण वाळू द्या, मगच लावा. हीटसिंकच्या पात्यांत आणि एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) जाळीत पण थोडा गुलाल असेल, मऊ ब्रशने काढा, आणि हवा मारत असाल तर पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा गरगरू देऊ नका. ओलं फडकं आत नको.

आणि कॅबिनेट त्या खणातून बाहेर काढा. मागचा पंखा गरम हवा प्लायवर फेकतो, ती खणातच फिरून पुढच्या फटीतून परत आत जाते. मशीन स्वतःचाच उच्छ्वास परत घेतंय. जमिनीवर सरळ ठेवू नका, चार इंच उंच पाटावर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. पुढे एक १२० मिलिमीटरचा पंखा बसवता आला तर उत्तम, हवा आत ओढणारा. दिशा ओळखायची तर पंख्याच्या ज्या बाजूला चौकटीच्या आडव्या काड्या दिसतात तिकडून हवा बाहेर पडते.

बडोदेकर – २३ मे, रात्री ८:४०

बडोद्यात गरबा आणि उत्तरायणाच्या दिवसांत आम्ही पण खिडक्या उघड्या टाकून असतो पण गुलालाचा थर मी पहिल्यांदाच ऐकला.

ताई, खणातून काढलं की पीएल१ पण ६५ करून बघा. बायोसमध्ये जाऊन लाँग ड्युरेशन पॉवर लिमिट असं काहीतरी लिहिलेलं असेल. ७६ वरून ६५ वॅट म्हणजे उष्णता सातव्या भागाने कमी, पण वेग तेवढा पडत नाही, कारण शेवटचे दोन-तीनशे मेगाहर्ट्झ मिळवायलाच प्रोसेसर सगळ्यात जास्त वीज खातो. तुमचं काम रात्रभर चालणारं आहे, तुम्हाला घाई शेवटच्या पाच मिनिटांची नाही.

दुसरा मार्ग क्विक सिंकचा आहे, प्रोसेसरमधल्या ग्राफिकवर एन्कोड (फाइल लहान करायचं काम) होतं, मशीन गार राहतं आणि भरभर होतं. पण मी तरी जुन्या कॅसेटींसाठी ते सुचवणार नाही. व्हीएचएसच्या चित्रात खर-खर फार असते आणि तेवढ्याच साइझमध्ये सॉफ्टवेअरवालं एन्कोड ती जास्त नीट सांभाळतं. हे काम परत कोणी करणार नाही, कॅसेटी तर बुरशीने जातीलच, म्हणून वेळ लागू द्या. आणि डीइंटरलेस चालू आहे ना? पालचं (आपल्याकडच्या जुन्या टीव्ही-व्हिडिओ पद्धतीचं) चित्र ५७६ ओळींचं पण दोन भागांत येतं, ते डीइंटरलेस केलं नाही तर हात हलवला की कंगव्यासारख्या रेघा दिसतील.

लष्करकर – २३ मे, रात्री ९:१५

मधेच माझं विचारतो. मी पण पेस्ट बदलीन म्हणतोय, चार वर्षं झाली. आणि माझा रायझन नुसतं ब्राउझर उघडलं तरी ४८ वरून ६० ला उडी मारतो, लगेच खाली येतो. माझी पण पिन सुटलीय का?

स्क्रूड्रायव्हर – २३ मे, रात्री १०:००

नाही लष्करकर, तुमच्या हीटसिंकला पिना नाहीत, स्क्रू आहेत, आणि रायझनच्या त्या छोट्या उड्या नेहमीच्या आहेत, एक कोअर क्षणभर पूर्ण जोर लावतो म्हणून. ग्वाल्हेरच्या ४५ मध्ये पूर्ण कामावर ८५ म्हणजे ठीक चाललंय, त्याची हद्द ९५ आहे.

पेस्ट बदलताना एक सांभाळा, तुमच्या सॉकेटमध्ये प्रोसेसर वरून दाबलेला नसतो, सुकलेली पेस्ट गोंदासारखी धरते आणि हीटसिंक सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून सोबत येतो, प्रोसेसरच्या खालच्या पिना वाकतात. आधी दहा मिनिटं काहीतरी जड चालवून मशीन गरम करा, बंद करा, वायर काढा, स्क्रू सोडवा आणि हीटसिंक घड्याळाच्या काट्यासारखा हलकेच मागे-पुढे फिरवत सुटा करा. ओढू नका.

आणि जाता जाता, ज्यांचं मशीन तापून मंद न होता फटकन बंदच पडतं त्यांनी हे सगळं करायच्या आधी एसएमपीएस तपासावा, ते दुखणं बहुतेक वेळा वेगळं असतं.

रामबागची – २७ मे, सकाळी ११:१०

नवतपा सुरू झालाय, खोली ३८ आहे, आणि मी काल मुद्दाम दुपारी बारा ते तीन चालवून बघितलं.

जाळी धुतली, दोन पाणी गुलाबी निघालं. कॅबिनेट देवघरातल्या जुन्या पाटावर ठेवलंय, भिंतीपासून लांब. पुढे पंखा सुदामानगरवाले दादांनी येऊन बसवून दिला, त्यांच्याकडे जास्तीचा होता, पैसे घेतले नाहीत, चहा सुद्धा अर्धाच घेतला. त्यांच्या बोर्डावर खालच्या कोपऱ्यात पांढरं दिसलं म्हणाले, साफ केलंय.

तासभर चालल्यावर ७९. खोलीच्या ४१ वर. मग पीएल१ ६५ केलं, ७३. थांबलंय, चढत नाही. एका कॅसेटला आधीपेक्षा पाचेक मिनिटं जास्त लागली, बस. पंखा पण भणाणत नाही, शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही.

डीइंटरलेस बंद होतं बडोदेकर दादा. आधीच्या सहा कॅसेटी परत कराव्या लागतील, मूळ कॅप्चर ठेवलंय म्हणून बरं.

दुकानात मी परत गेले नाही. भांडायला वेळ नाही मला, पण तुटलं नसताना नवा सेट घ्यायला सांगितलं याचं वाईट वाटलं. त्या पैशांत सगळ्या घरांना पेनड्राइव्ह देऊन होतील.

बडोदेकर – २७ मे, दुपारी १:००

७३ म्हणजे आता वर्षभर बघायची गरज नाही. सासऱ्यांची कॅसेट झाली का?

रामबागची – २७ मे, रात्री ९:४५

आत्ता लावलीय, १९९१ ची. बुरशी पहिल्या वीस मिनिटांतच आहे, पुढे स्वच्छ आहे. पेटीचा भाता डाव्या हाताने धरतात आणि गायिका चुकली की तिच्याकडे न बघता सूर धरून ठेवतात, तसेच करताहेत. मंडपातल्या ट्यूबलाइटचा घूं आवाज मागे येतोय. ह्यांना बोलावून आणलं, दोघं बसून बघतोय. ७१ आहे.